पॅरिसमधली सहा स्टेशनं आणि परबचं राहिलेलं काम

ऑर्डरवर दोन नावं होती. हवालदार जी. आर. परब आणि हवालदार एस. व्ही. कदम. नव्या उपकरणाच्या दुरुस्तीचा कोर्स, फ्रान्समध्ये, आठ आठवडे. साल १९८४. फ्रान्सला मी एकटा गेलो.

गणपत परब आणि मी एकाच वर्कशॉपमध्ये सहा वर्षं काढली. तो घाटकोपरच्या भटवाडीतला, मी मुलुंड पूर्वेचा. सुट्टी संपली की व्ही.टी.ला भेटायचो आणि एकाच डब्यातून परत जायचो. स्वभाव मात्र उलटे. मी प्रवासातली प्रत्येक वेळ वहीत लिहून ठेवायचो. तो समोर दिसेल त्याला विचारायचा, आणि पाच मिनिटांत त्याच्याकडून चहाही उकळायचा.

"कदम, तू लिही, मी विचारतो," तो म्हणायचा. "दोघांतला एक तरी पोचेल."

फेब्रुवारीत बर्फातल्या एका उंच पोस्टवरचा वायरलेस सेट बंद पडला. दुरुस्तीसाठी परब वर गेला. चौथ्या दिवशी सकाळी ०९१० वाजता मी वर्कशॉपच्या रेडिओवर होतो.

"स्लाइड आली आहे. तीन मिसिंग. ओव्हर."

"नावं द्या. ओव्हर."

दुसरं नाव परबचं होतं. कोसळलेल्या बर्फाखालून तिघे अकरा दिवसांनी मिळाले.

मार्चमध्ये त्याच्या अस्थी आणि सामानाची पेटी घेऊन मी भटवाडीत गेलो. चाळ टेकडीवर, रस्त्यापासून एकशे बारा पायऱ्या वर. परबचे वडील, नाना, गिरणीतून रिटायर झालेले, वय एकोणसत्तर. पेटी मी भिंतीशी ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"फ्रान्साक तू जातलंस मां?"

"जातोय, नाना. एप्रिलमध्ये."

काम काय आहे ते मला माहीत होतं. नानांचे वडील, भिवा परब, पहिल्या महायुद्धात शिपाई म्हणून फ्रान्सला गेले आणि तिथेच पडले. ते बोटीत चढले तेव्हा नाना आईच्या पोटात होते. बापाचा फोटो नाही, कबर नाही. होता तो फक्त पलटणीतला चार आकडी नंबर, आणि तो नानांना पाठ होता. गावच्या एका जुन्या सुभेदाराने त्यांना सांगितलं होतं की तिकडे एक भिंत आहे, आणि कबर न मिळालेल्या आपल्या शिपायांची नावं तिच्यावर कोरली आहेत. ऑर्डर आली तेव्हा परबने बापाला शब्द दिला होता.

"थयसर बापाशीचा नाव आसा काय, तेवढा बघ," नाना म्हणाले. "नसलां तर नाय म्हणान सांग. खोटा सांगू नको."

"नाही सांगणार."

"पण तू कोणाक विचारणारो न्हय, कदमा. गणू सांगी. चुकशीत तू."

"गप रवा ओ," परबची आई, काकी, आतून म्हणाल्या. "पोराक चाय तरी पिऊंक देया."

मी नंबर, पलटण, गाव आणि भिवांच्या वडिलांचं नाव वहीत लिहून घेतलं आणि चहा प्यायलो.

कोर्सचं गाव पॅरिसच्या दक्षिणेला, गाडीने सव्वादोन तासांवर. आमच्याकडून मेजर साहेब आणि मी, असे दोघेच. साहेब ऑफिसर्स मेसमध्ये, मी एका बरॅकच्या टोकाच्या खोलीत. खोलीत दोन पलंग होते, कारण कागदावर दोन माणसं होती. रोज ०७३० ते १७०० वर्ग. इंग्रजी दुभाषा फक्त वर्गात असायचा. १७०० नंतर मी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोणाशी बोलत नसे. कधी कधी भांडी घासताना मोठ्याने आकडे मोजायचो, आवाज ऐकू यावा म्हणून.

सहाव्या आठवड्यात मी एक दिवसाची परवानगी मागितली. कारण विचारलं, ते सांगितलं.

"शनिवार," मेजर साहेब म्हणाले. "एकच दिवस. २२३० ला गेटवर रिपोर्ट. उशीर झाला तर मलाही उत्तर द्यावं लागेल."

"येस सर."

"पुन्हा मिळणार नाही, कदम."

रस्ता सांगायला त्यांनी आमच्या वर्गाच्या फ्रेंच अज्यूदाँला सांगितलं. अज्यूदाँ म्हणजे आपल्या नायब सुभेदाराच्या जवळपासचा माणूस. त्याने फळ्यावर एक गोल काढला आणि गोलाच्या कडेवर सहा खुणा केल्या.

"पॅरिसला 'स्टेशन' असं काही नाही," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "सहा आहेत. प्रत्येकाची दिशा वेगळी. गाडी येते ती तिथेच संपते, शहर ओलांडून पुढे जात नाही. तू दक्षिणेच्या स्टेशनवर उतरशील. तुझी पुढची गाडी उत्तरेच्या स्टेशनवरून. मध्ये जमिनीखालची मेट्रो."

आपल्याकडे व्ही.टी. आणि बॉम्बे सेंट्रल अशी दोन आहेत. तिथे सहा, एवढाच फरक, असं मला वाटलं. मी वहीत तक्ता केला. ०५३५ ला निघणं. ०७५० ला ऑस्तर्लित्झ, म्हणजे दक्षिणेचं स्टेशन. तिथून मेट्रो, नववं स्टेशन, गार द्यु नॉर. नॉर म्हणजे उत्तर. तिथून ०८३२ ची गाडी. पुढे लहान गाडी बदलून एका खेड्यापर्यंत. तिथून पाच किलोमीटर चालत. भिंतीपाशी १२३० ला पोचणार होतो. हाताशी अडीच तास.

शनिवारी ०७५० ला मी ऑस्तर्लित्झवर वेळेवर उतरलो. तिकिटाची एक गोष्ट अज्यूदाँने दोनदा सांगितली होती. फलाटाच्या तोंडाशी नारिंगी रंगाचं यंत्र असतं, तिकीट त्यात घालून ठसा मारायचा. ठसा नसला तर तिकीट असूनही दंड. हे मी विसरलो नाही. मेट्रोही सापडली. प्रत्येक स्टेशनला वहीत एक रेघ मारत होतो.

डब्यात आठ-दहा फ्रेंच सैनिक होते. सक्तीच्या भरतीतले, सुट्टीवर घरी निघालेले, खांद्यावर किटबॅगा. आठव्या स्टेशनवर ते सगळे उतरले. मीही उतरलो.

का उतरलो, हे मला मागाहून समजावून घ्यावं लागलं. आपल्याकडे मोठ्या स्टेशनवर फौजींच्या प्रवासाची सोय बघणारं एमसीओचं ऑफिस असतं. प्रवासाचं वॉरंट दाखवायचं, तिथला माणूस गाडी आणि डबा सांगतो. ते ऑफिस कुठे आहे हे फौजी कोणाला विचारत नाही. किटबॅगा जिकडे जातात तिकडे जातो. पंधरा वर्षं मी दादरला, पठाणकोटला, सगळीकडे तेच केलं होतं. वहीत नऊ लिहिलेलं होतं, रेघा आठ होत्या, आणि तरी पाय त्या बॅगांच्या मागे गेले.

वर आल्यावर पाटी वाचली. गार द लेस्त. लेस्त म्हणजे पूर्व, एवढं फ्रेंच मला येत होतं. इथे दुसरी चूक झाली. मी मुलुंड पूर्वेला राहणारा. पूर्व आणि पश्चिम म्हणजे एकाच स्टेशनच्या दोन बाजू, मधे पूल. मला वाटलं, मी स्टेशनच्या पूर्वेच्या बाजूला आलो आहे, पूल ओलांडला की उत्तरेची बाजू. तेव्हा ०८१४ झाले होते. मी पूल शोधू लागलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा गेलो. सगळे फलाट भिंतीशी संपत होते. पूल कुठेच नव्हता.

विचारायला हवं होतं. परब असता तर पहिल्याच मिनिटाला विचारलं असतं. मी मोठ्या बोर्डासमोर उभा राहून मला जायचं होतं त्या गावाचं नाव शोधत राहिलो. बोर्डवरची अक्षरं फडफडून बदलायची, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आता येईल. सैनिक आपापल्या गाड्यांत चढून गेले. ०८२६ ला मी तिकीट खिडकीशी गेलो आणि तिकीट पुढे केलं.

खिडकीतल्या बाईंनी ते पाहिलं. "नॉर," त्या म्हणाल्या.

"पूल? ब्रिज?"

"नॉर. नॉर." मग त्यांनी एका कागदावर दोन चौकोन काढले, एकमेकांपासून वेगळे. एकावर बोट ठेवून माझ्याकडे दाखवलं, दुसऱ्यावर बोट ठेवून तिकिटाकडे. दोन चौकोनांच्या मधे त्यांनी रस्ता काढला.

मी धावलो. अंतर अर्धा किलोमीटरही नव्हतं, पण एक वळण चुकलो. गार द्यु नॉरच्या फलाटावर पोचलो तेव्हा ०८३७ झाले होते. रूळ रिकामे होते.

पुढची गाडी १०२४ ची. मी बाकावर बसून तक्ता पुन्हा मांडला. आता खेड्यात उतरणार १३५० ला. परतीची लहान गाडी १५५८ ची, ती चुकली तर २२३० चं गेट चुकणार. पाच किलोमीटर जायला, पाच यायला, चालत गेलो तर भिंतीपाशी जेमतेम पंचवीस मिनिटं. आणि नावं होती हजारांत. मी तीनदा बेरीज केली. उत्तर तेच येत होतं. सकाळपासून शेकडो माणसं माझ्यासमोरून गेली होती, आणि माझी चूक झाली आहे हे सांगावं असं त्यांत एकही नव्हतं.

१३५० ला खेड्यात उतरलो आणि पळायला सुरुवात केली. साधे काळे बूट, कोट हातात. दोन्ही बाजूंना सपाट शेतं. पाच किलोमीटरला एकतीस मिनिटं लागली. छत्तीस वर्षांच्या माणसाला ती बरी म्हणायची.

भिंत गोलाकार आहे, पांढऱ्या दगडाची. आत कोणी नव्हतं. नावं पलटणीप्रमाणे लावलेली, पलटणीत रँकप्रमाणे. पलटण सापडायला सहा मिनिटं गेली. शिपायांच्या यादीत भिवा परब दोन होते.

नंबर भिंतीवर नव्हते. भिंतीत एका छोट्या दाराआड नोंदवही ठेवलेली असते, तिच्यात ते असतात. वहीची पानं दमट हवेने चिकटली होती. पहिला भिवा परब, नंबर वेगळा. दुसरा भिवा परब, नंबर तोच. बापाचं नाव तेच, गाव तेच. वय चोवीस.

मी परत जाऊन त्या नावासमोर उभा राहिलो. डोक्यावर टोपी नसताना सॅल्यूट करत नाहीत. सावधान उभा राहिलो. मग हात वर करून नाव चाचपलं. माझ्या डोक्याच्या वर एक वीत. चवड्यांवर उभं राहावं लागत नव्हतं.

"गणपत यायचा होता," मी म्हणालो. दोन दिवसांत मोठ्याने बोललेलं ते पहिलं मराठी वाक्य.

१५१५ ला निघालो. परतीच्या प्रवासात एकही स्टेशन चुकलं नाही. २२१८ ला गेटवर रिपोर्ट केलं.

जूनमध्ये परत आलो आणि पहिल्या रविवारी भटवाडीत गेलो. नाना दाराशीच बसले होते.

"आसा?"

"आहे, नाना. नंबर जुळला. वडिलांचं नाव, गाव, सगळं जुळलं."

 नानांनी विचारलं, "केवढ्या उंचीर?"

मी खोलीच्या भिंतीवर दाखवलं. डोक्यावर एक वीत. नाना उठले, भिंतीशी आले, हात वर केला. माझ्यापेक्षा ते बुटके होते. हात चार बोटं खाली राहिला.

"चवड्यार उभो रवान पोचात," ते म्हणाले. आणि उभे राहिले. हात पोचला. काकी दारात येऊन बघत होत्या.

हात खाली घेऊन त्यांनी विचारलं, "आणि गणूचा नाव खय लिवलेला आसा?"

"आपल्या ट्रेनिंग सेंटरला. गेटवर पहाऱ्याची चौकी असते ना, क्वार्टर गार्ड, तिच्या डाव्या हाताला भिंत आहे. त्या भिंतीवर."

"तू वाचलंस?"

खोटं सांगायचं नाही, असं ठरलं होतं. "नाही. मी तिकडे गेलो नाही अजून."

"फ्रान्साक जावन इलंस," नाना म्हणाले. रागाने नव्हे. "थय जावक किती गाडयो बदलूक लागतत?"

"एकच. दादरला चढलं की मधे एकदा."

"मगे?"

जुलैत रजा मिळाली. नाना, काकी आणि मी गेलो. सेंटरच्या भिंतीवर नावं सालाप्रमाणे आहेत. जुनी वर, नवी खाली. गणपतचं नाव शेवटून दुसरं, जमिनीपासून हातभर. ते वाचायला नाना खाली फरशीवर बसले. काकीही बसल्या. नानांनी एकेका अक्षरावरून बोट फिरवलं आणि मग तळवा नावावर ठेवून बसून राहिले. मी उकिडवा बसून त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हवालदार गणपत राघो परब. मग त्याच्या वरचं आणि खालचंही वाचलं, त्या स्लाइडमधल्या दुसऱ्या दोघांचं, कारण त्यांच्याकडून त्या दिवशी कोणी आलं नव्हतं. त्याच्याखाली दगड कोरा होता.

तिथे आम्ही किती वेळ होतो ते मला सांगता येणार नाही. परतीची गाडी कितीला आहे, हे मी पाहून ठेवलं नव्हतं.