थंडोबा आणि बावीस वळणांचा घाट

गल्लीत त्यांना थंडोबा म्हणत. नाव ठेवणाऱ्याने स्वभाव पाहून ते ठेवलं नव्हतं. स्वभावाने हा गृहस्थ म्हणजे सतत उतू जायच्या बेतात असलेलं दूध. नाव पडलं ते ध्यासावरून. गिअरबॉक्स दुरुस्तीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं काढून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी घरगाडी घेतली आणि तिचा गिअरबॉक्स थंड ठेवणं एवढंच कार्य आयुष्यात उरल्यासारखे ते तिच्यामागे लागले.

घरगाडी म्हणजे चाकांवरची दीड खोली. मागे खिडकीला लागून पलंग, मधे हातभर ओटा, आणि प्रत्येक डाव्या वळणाला आपोआप उघडणारं कपाट. त्या कपाटाने थंडोबांच्या बायकोच्या डोक्यात दोनदा डबा घातला होता. बायको निवृत्त नर्स. गल्ली त्यांना नर्सबाई म्हणायची आणि खोकला लपवून त्यांच्यासमोरून जायची.

गाडी घेतली ती ताईसाठी. ताई थंडोबांची मोठी बहीण, घाटापलीकडच्या गावात एकटी राहायची. पाठीचं दुखणं असं की बसणं म्हणून जमत नव्हतं. उभं राहायचं ते चार पावलांपुरतं, बाकी सगळं आडवं. थंडोबा बसने जाऊन तिला भेटून येत, पण ताईला हवं होतं मिठागर. त्यांचे वडील मिठागरावर राखणदार होते. पाण्याच्या चौकोनांमधल्या अरुंद बांधांवरून ताईने या धाकट्याला कडेवर घेऊन सगळं बालपण काढलेलं. तिच्या गावापासून मिठागर तीन तासांवर, आणि ती तिकडे बावीस वर्षांत गेली नव्हती. तिच्या मुलाने एकदा रुग्णवाहिका करू म्हणून सुचवलं. ताई म्हणाली, त्यातून गेले तर लोक मिठागर सोडून मलाच बघायला येतील, आणि त्या गाडीच्या दुधी काचांतून दिसतं तरी काय, नुसतं दूध.

तेव्हा थंडोबांनी शब्द दिला की पलंगासकट येतो, तू उशीवर डोकं ठेव आणि खिडकीतून बघ.

शब्द द्यायला काय जातं. मधे घाट होता, बावीस वळणांचा, आणि गाडीचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. अशा गिअरबॉक्सात इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते. चढावर, त्यातून अडीच टनांचा संसार पाठीवर असताना, ते तेल घुसळून घुसळून तापतं, आणि फार तापलं की करपतं. पहिल्या खेपेला सहाव्या वळणावरच ते करपलं. वास असा सुटला की मागच्या ट्रकवाल्याने स्वतःची गाडी थांबवून तपासली.

मग सुरू झाल्या सुधारणा. थंडोबांनी पुढच्या जाळीमागे भला मोठा ऑइल कूलर बसवला. त्याला स्वतंत्र पंखा जोडला. गिअरबॉक्सखालचं मूळ चेंबर काढून बाहेरून पंखांसारख्या पट्ट्या असलेलं खोल ॲल्युमिनियमचं चेंबर लावलं, त्यात दोन लिटर तेल जास्त मावे. आणि सगळ्यांवर कळस म्हणजे डॅशबोर्डवर तेलाचं तापमान दाखवणारा काटा. एकशे वीसवर त्यांनी नर्सबाईंच्या नेलपॉलिशने लाल रेघ मारली. रेघ ओलांडली की वळायचं, असा नियम.

दुसऱ्या खेपेला नवव्या वळणावर काटा रेघेपार गेला. तिसऱ्या खेपेला अकराव्या. चौथ्याला चौदाव्या. गाडी रस्त्याला आडवी करून, पुढे-मागे सात वेळा हलवून, मागच्यांच्या शिव्या खात ते वळायचे आणि खाली यायचे. संध्याकाळी ताईचा फोन.

"ठोंब्या, कुठवर आलास?"

"चौदाव्यापर्यंत."

"प्रगती आहे. या वेगाने तू पोचशील तेव्हा मी तुझ्याहून लहान झालेली असेन."

मिश्या पिकलेल्या माणसाला ठोंब्या म्हणणारं जगात एवढंच माणूस उरलं होतं. फोन ठेवल्यावर थंडोबा उगाच अंगणात जाऊन कूलरची नळी चाचपून यायचे. नळी कधीच सैल नसायची.

आणि मग एका दुपारी भाच्याचा फोन आला. एक तारखेला तो ताईला आपल्याकडे कायमची नेणार होता. त्याचं शहर समुद्रापासून दोन दिवसांच्या अंतरावर, घर चौथ्या मजल्यावर. मुलगा चांगला होता, चूक काहीच नव्हती, म्हणून तर रागावायलाही कुणी नव्हतं. हातात अकरा दिवस होते.

थंडोबांनी जाहीर केलं की आता सगळा गिअरबॉक्स खाली उतरवायचा, उघडायचा, नव्याने भरायचा. लागतील तीन आठवडे. अकरा दिवसांत तीन आठवडे कसे बसवायचे याचा हिशोब ते जेवणाच्या टेबलावर पान्याने रेघा ओढत करत होते. तेव्हा नर्सबाईंनी आतून एक फाइल आणून त्यांच्यापुढे टाकली.

नर्सबाईंची एक खोड होती. घरात जे काही आजारी पडेल त्याचा केसपेपर करायचा. फ्रिजचा होता, शेजारच्या मांजराचा होता, तसा गाडीचाही होता. घाटातून परतलं की थंडोबा गिअरबॉक्सच्या तेलाचे दोन थेंब पांढऱ्या गॉजच्या पट्टीवर घेऊन हुंगायचे. ते गॉजचे तुकडे नर्सबाई तारीख घालून टाचून ठेवायच्या. चार खेपांचे चार तुकडे होते.

"पहिला बघा. काळा, करपट. मग हे तीन बघा."

थंडोबांनी पाहिले. तिन्ही लालचुटूक, नव्या तेलासारखे.

"वेळेत वळलो ना मी," ते म्हणाले.

"तीनदा एकशे वीसच्या वर ताप, आणि पेशंटच्या गालावर लाली. थर्मामीटर कुठे लावलंय तुम्ही?"

थंडोबांची छाती थोडी पुढे आली. सेन्सर कुठे बसवायचा यावर त्यांनी आठवडाभर विचार केला होता. तेल घुसळून बाहेर पडतं तिथेच, कूलरकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी त्यांनी तो बसवला होता. अख्ख्या गिअरबॉक्सात याहून गरम जागा नाही, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. वाईट बातमी सगळ्यात आधी कळावी म्हणून.

नर्सबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईचं ते बघणं होतं.

"अहो, गरम चहाचा घोट घेतलेल्या माणसाच्या तोंडात थर्मामीटर घालून आपण तीनदा घरी आलो?"

थंडोबांना हे माहीत होतं, हीच तर खरी गंमत. ताप बघायचा तो चेंबरमध्ये, तेल थंड होऊन जिथे परत येतं तिथे. नळीच्या तोंडाशी तेल एकशे तीसला गेलं तरी बिघडत नाही. शेकडो गिऱ्हाइकांना त्यांनी हे समजावलं होतं, वर अडाणी म्हणून चिडवलं होतं. पण चौतीस वर्षं त्यांच्यासमोर आलेला प्रत्येक गिअरबॉक्स मोडलेला होता. धडधाकट गिअरबॉक्स कधी वर्कशॉपात येत नाही. तो कुठेतरी घाट चढत असतो. तो कसा दिसतो, हे या माणसाने आयुष्यात पाहिलंच नव्हतं. आणि ताईला घेऊन जाताना मोडला तर, या एका विचाराने त्यांनी काटा सगळ्यात गरम जागी नेऊन ठेवला होता.

"केसपेपरवर लिहू नकोस हे," ते शेवटी म्हणाले.

"लिहिलंय."

सेन्सर हलवायला अर्धा दिवस लागला. त्यात पाऊण तास हरवलेला नट शोधण्यात गेला, तो त्यांच्याच खिशात होता.

पाचव्या खेपेला नवव्या वळणावर काटा अठ्ठ्याऐंशीवर होता. अकराव्यावर नव्वद. चौदाव्यावर थंडोबांचे हात सवयीने वळायला निघाले, तर नर्सबाई नुसत्या खाकरल्या. पंधरावं वळण त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तिथे एक पाण्याची टाकी आणि एक बंद पडलेलं पंक्चरचं दुकान होतं. थंडोबांनी त्या दुकानाकडे असं पाहिलं की नर्सबाईंना वाटलं ते उतरून नमस्कार करतात की काय. बाविसाव्यावर काटा चौऱ्याण्णव.

ताईच्या दारी तिला उचलून पलंगावर ठेवायला शेजारचे तिघे लागले. उशी कुठे हवी यावर दहा मिनिटं वाद झाला. ताईने गाडी सगळी न्याहाळली आणि म्हणाली की बाकी सगळं ठीक आहे, पण हे कपाट माझ्या डोक्यावर उघडलं तर तुझी धडगत नाही. ते उघडलंच. सुदैवाने आत फक्त टॉवेल होते.

मिठागर दुपारी आलं. थंडोबांनी गाडी मोठ्या बांधाला समांतर उभी केली, खिडकी पाण्याकडे. चौकोनामागे चौकोन, कडेने मिठाचे ढीग. राखणदाराची खोली नव्हती. तिच्या जागी एक पंप होता. ताई काचेला नाक लावून पडली होती. बोटाने ती कुठून कुठे बांध जात असे ते दाखवत होती. इथे तू पडलास, तिथे मी तुला टाकून पळाले होते, आणि बाबांनी मला शोधायच्या आधी तुला मीठ खाताना पकडलं. थंडोबांना यातलं एकही आठवत नव्हतं. ते सगळं फक्त तिच्याकडे होतं, आणि ती परवा जाणार होती.

चार वाजता भाच्याचा फोन आला. अंधार पडायच्या आत आईला घरी आणा, उद्या सामानवाले येणार आहेत. थंडोबा बरं म्हणाले आणि गाडी चालू केली. बांध मागे सरकायला लागला. पंप गेला. पहिला चौकोन गेला.

"ठोंब्या," मागून ताई म्हणाली, "इतके दिवस तापायची रे तुझी गाडी."

थंडोबांनी काट्याकडे पाहिलं. ब्याऐंशी. सपाट रस्ता, समोरून वारा, मोठा कूलर, पंखा, खोल चेंबर. या गाडीला आता कुणाचा बापही तापवू शकत नव्हता. आपल्या हातांनी केलेल्या कामाचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता.

शेवटच्या चौकोनाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि भाच्याला फोन लावला.

"गिअरबॉक्स तापलाय," ते म्हणाले. "फार तापलाय. उद्या दुपारपर्यंत तरी हलवता येणार नाही."

पलीकडून भाचा काहीतरी शंका काढत होता. नर्सबाईंनी फोन हातातून घेतला आणि वॉर्डातला आवाज लावला.

"मी स्वतः ताप बघितलाय," त्या म्हणाल्या. "पेशंटला पूर्ण विश्रांती."