खसखस नसलेले अनारसे

समीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गाडीची किल्ली घेऊन दारातच उभी होते. त्याला टेस्टला न्यायचं होतं... माझ्या धाकट्या बहिणीचा हा मुलगा, नागपूरहून इथे अमेरिकेत, चँडलरला आलेला इंजिनिअर. पाठीच्या ऑपरेशननंतरच्या, अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या सुटेनात, त्या चोरून मिळवताना पकडला गेला, आणि तुरुंगाऐवजी ड्रग कोर्टाच्या, व्यसन सोडवायच्या प्रोग्रॅममध्ये आला. तो नीट पार पडला की घटस्फोटानंतर आईकडे असलेली लेक रिया शनिवार-रविवार त्याच्याकडे राहणार होती. त्याला तेवढंच हवं होतं.

रोज पहाटे फोन लावायचा, आज आपली पाळी आहे का ते ऐकायचं, असली तर ऑफिस सोडून लघवीचा नमुना द्यायला पळायचं. लायसन्स गेलेलं, म्हणून ड्रायव्हर मी. मॅनेजरला तो दर वेळी डेंटिस्ट सांगायचा. "मावशी, ऑफिसला वाटत असेल, याच्या तोंडात आता एकही दात उरला नाही!" हसायचा, पण गुडघा सारखा हलत असायचा.

गेल्या दिवाळीत मी अनारसे पुढे केले. त्यानं एक उचलला, उलटा करून पाहिला आणि हळूच परत ठेवला.

"खसखस आहे गं. टेस्टमध्ये अफू म्हणून दिसेल. फराळ जेलमध्ये पाठवशील का?"

तरुणपणी माझ्या अनारशाला नको म्हणाली म्हणून मी एका जावेशी वर्षभर अबोला धरला होता, एवढी मी थोर! या वेळी मुकाट्यानं दुसरा घाणा काढला, नुसत्या रव्यावर थापून. पण मंडळातल्या काकूंना तो काय सांगणार? "डाएट आहे," म्हणायचा. त्या म्हणायच्या, "फार शिष्ट झालाय."

प्रोग्रॅम संपत आला होता. एका रात्री झोपेतच हार्ट अटॅक आला... अंत्यविधीला एक काका माझ्या कानाशी लागले, "परत सुरू केलं होतं का हो?"

"नाही हो," मी म्हटलं, "त्याला हृदय होतं, ते बंद पडलं."

यंदा दिवाळीला रिया आली. मी रव्यावर थापलेलेच अनारसे केले होते. तिनं एक उचलला, बाबासारखाच उलटा केला, नीट निरखून पाहिला.

"आजी, इट्स सेफ," म्हणाली आणि खाऊ लागली.

आता या घरात कुणाची टेस्ट नाही, हे मी तिला सांगितलं नाही. मीही माझ्या हातातला उलटा करून पाहिला... मग खाल्ला.