थोरल्या मामांचा साहेब

आमच्या हिच्या थोरल्या मामांशी ज्याचं कधी भांडण झालं नाही, असा माणूस वरवंडात सापडलाच तर तो चुकून एसटीतून उतरलेला परगावचा पाहुणा निघेल. आणि तोही संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबला तर त्याची खात्री देता येत नाही. दूधवाला, गिरणीवाला, शेजारच्या ओट्यावर बसून मोठ्यानं शिंकणारा एक म्हातारा, सगळ्यांशी मामांनी कधी ना कधी अबोला धरलेला. पण ही सगळी किरकोळ प्रकरणं. मुख्य भांडण सख्ख्या धाकट्या भावाशी. धाकट्या मामांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत थोरल्यांचं नाव नवरीच्या मामांच्या खाली छापलं गेलं होतं. चूक छापखान्याची होती. पण "छापखाना काय माझा भाऊ हाय व्हय?" असं म्हणून मामा लग्नाच्या दिवशी आतून कडी लावून झोपले. आम्ही तिथं राहायला गेलो तेव्हा त्याला अकरा वर्षं झाली होती. घरं समोरासमोर, मधे एक बोळ. पण थोरले बाहेर आले की धाकटे आत जात आणि धाकटे बाहेर आले की थोरले आभाळाकडे बघत.

दौंडजवळच्या एका कंपनीत मला नोकरी लागली तेव्हा आम्ही दोघं वर्षभर मामांच्या माडीवर राहिलो. मामा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी काटा काही डोक्यातून गेला नव्हता. मामींनी आणलेली भाजी हातात तोलून "चाळीस ग्रॅम मारलं त्यानं" असं सांगत आणि भाजीवाल्याशी नवीन भांडण सुरू होई. असा हा माणूस एका सकाळी हायवेवरून परत आला तो कडेवर रक्तबंबाळ कुत्रा घेऊन. कुठल्याशा गाडीनं त्याला उडवलं होतं, आणि पडल्या जागी गावातली चार-पाच कुत्री त्याच्यावर तुटून पडली होती. मामांनी चप्पल काढून त्यांना हाकललं आणि ह्याला उचललं. नेहरूशर्ट पार लाल झाला होता. मामी काही बोलायच्या आत म्हणाले, "एकावर पाच? ही काय मर्दानगी हाय?"

कुत्रा वाचला. एका पायानं जरा लंगडा राहिला. मामांनी त्याचं नाव ठेवलं 'साहेब'. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "जावईबापू, तीस वर्षं साहेबानं मला ऊठ म्हटलं की उठलो, बस म्हटलं की बसलो. आता माझी पाळी." आणि लगेच अंगणात आवाज घुमे, "ए साहेब, बस खाली!" साहेब बसतही असे. माणसांशी तो लोण्यासारखा होता. पण दुसरं कुत्रं दिसलं, अगदी लांब टोकाला शेपूट दिसली, तरी त्याच्या अंगात येई. दात, फेस, आरडाओरडा. साहेब ओरडला की मामाही ओरडत, आणि दोघांमध्ये कोण कोणाला आवरतंय ते कळत नसे. एकदा त्यानं पट्टा असा हिसकला की मामा हायवेच्या कडेला तोंडावर आपटले आणि मागून येणारा ट्रक करकचून ब्रेक लावून हातभर अंतरावर थांबला. मामांचं मनगट मोडलं. ते प्लास्टर घालून घरी आल्यावर मामी रडत म्हणाल्या, "आवं, आता एक तर त्यो या घरात ऱ्हाईल न्हाईतर मी." मामा रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना आणि साहेबाला दौंडला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. दारात एक कुत्रं होतंच. साहेब उसळला, मामांनी पट्टा आवळला आणि गर्जना केली. बाईंनी शांतपणे सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "मामा, कुत्रा नंतर. आधी तुम्ही ओरडायचं बंद करा. तो भांडकुदळ नाही, घाबरलाय. तुम्ही पट्टा ताणून ओरडलात की त्याला वाटतं, मामाही घाबरले." मामांना आजवर असं कोणी बोललं नव्हतं. मी पुढच्या भांडणाची वाट बघत उभा राहिलो, पण मामा एकदम हळू आवाजात म्हणाले, "मग काय करू, सांगा."

उपाय साधा होता. दुसरं कुत्रं दिसेल, पण साहेबाचं डोकं फिरणार नाही, इतक्या लांब उभं राहायचं. त्यानं तिकडे पाहिलं की आवडीचा घास द्यायचा आणि मागे फिरायचं. दिवसागणिक एखाद्या पावलानं जवळ जायचं. आवडीचा घास म्हणजे उकडलेली कलेजी. मामींच्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षांत अंडंही शिरलं नव्हतं, म्हणून माळकरी मामांनी अंगणात तीन दगडांची चूल मांडली, आणि नाकाला उपरणं बांधून स्वतः कलेजी उकडायला बसले. पण खरी अडचण पुढे आली. गावातली कुत्री एका जागी थोडीच थांबणार? हवी होती शांत, जागची न हलणारी कुत्री. आणि तशी कुत्री अख्ख्या गावात एकच होती. धाकट्या मामांची म्हातारी चिमी. ती धान्याच्या पोत्यासारखी जिथं ठेवाल तिथं पडून असे.

मामांनी तीन दिवस तसेच काढले. चौथ्या दिवशी म्हणाले, "जावईबापू, त्याला सांगा, कुत्री पाहिजे. माणूस नको." मी बोळ ओलांडला. धाकटे मामा म्हणाले, "त्यांना सांगा, चिमी माझ्याबिगर कुठं जात न्हाई."

अशी कालव्याच्या रस्त्यावर रोज सकाळी आमची शाळा भरू लागली. एका टोकाला थोरले आणि साहेब, दुसऱ्या टोकाला धाकटे आणि चिमी, मधे निरोप्या म्हणून मी. सुरुवात सत्तर पावलांवर. मामा खडूनं रस्त्यावर रेघा मारत. साठ, पन्नास, चाळीस. साहेब तिकडे बघे, मग मामांच्या खिशाकडे बघे. एक दिवस मामांना हुरूप आला आणि ते तिसावरून एकदम पंधरावर गेले. साहेबाचा भडका उडाला. "त्यांना सांगा, घाई तुम्हीच केली!" धाकटे तिकडून ओरडले. "त्याला सांगा, माझ्या कुत्र्यात त्यानं बोलू नये!" थोरले इकडून. दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत होतं. तरी मी दोन्ही निरोप पोचवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पन्नास. मामांनी खडू हातात घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "चूक माझीच होती."

उन्हाळा तापायला लागला तेव्हा आम्ही पाच पावलांवर होतो. एका सकाळी चिमीनं जांभई दिली. साहेबानं कान टवकारले, पण मामांनी पट्टा सैलच ठेवला. साहेब हवा हुंगत राहिला आणि मग धुळीत पोट टेकून बसला. थोरले मामा चिमीकडे बघत म्हणाले, "कानामागं खरूज झाली वाटतं तिला."

"व्हय दादा," धाकटे म्हणाले. "मलम लावतोय, पण गुण न्हाई."

"दौंडला दाखव. बाई चांगली हाय."

मी तोंड फिरवून कालव्याकडे बघत उभा राहिलो. निरोप्याचं काम संपलं होतं.

साहेब त्या उन्हाळ्यातच बरा झाला. बोळातून कुत्री जात, तो मान वर करून बघे आणि पुन्हा झोपे. तरी कालव्यावरची शाळा सुटली नाही. कोणी विचारलं तर दोघंही भाऊ एकाच सुरात सांगत, "अजून जरा कच्चा हाय त्यो." पुढे आमची बदली झाली. गेल्या महिन्यात मामींचा फोन आला. चिमी रात्रीच गेली, म्हातारीच झाली होती. मामा त्या सकाळी पट्टा घेऊन दारातच उभे राहिले होते, जावं की नाही ते कळेना म्हणून. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि धाकटे मामा रिकाम्या हातांनी बाहेर आले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," मामी म्हणाल्या, "ह्यांनी साहेबाचा पट्टा त्यांच्या हातात दिला आन् दोघं गेले चालत कालव्याकडं. अजून आले न्हाईत. च्या दोनदा गरम केला मी."