नऊ मार्चची वाळू

नरहरी वैरागडे यांच्या रायपूरच्या तात्यापाऱ्यातील घराची पायरी कोरडी होती. ही नोंद मी मुद्दाम केली, कारण माझ्यादेखत त्यांनी ती दोनदा पुसली.

"रोजचंच आहे दीदी," त्यांची सून सोनिया म्हणाली. "समुद्र इथून पाचशे किलोमीटर, अन् बाबूजी पोछा घेऊन तयार."

"पोचला नाही अजून, म्हणून कोरडी आहे," नरहरी शांतपणे म्हणाले.

ते बाहत्तर वर्षांचे, मूळचे भंडाऱ्याचे. नोकरी भूमापनाची. १९७९ साली त्यांच्या तुकडीने ओडिशाच्या किनाऱ्यावर, एका खाडीच्या तोंडाशी असलेला वाळूचा दांडा मोजला होता. त्या तुकडीचे नकाशे आणि मोजणीवह्या आता नवा रायपुरातील आमच्या संग्रहात आल्या आहेत आणि त्यांची सूची मी करते. नरहरींनी मला बोलावले ते सूचीत एक नोंद घालण्यासाठी.

दांडा कसा घडतो, हे त्यांनी परातीत रवा पसरून दाखवले. लाटा किनाऱ्यावर तिरप्या येतात, वाळू उचलतात, थोडी पुढे नेऊन टाकतात. वर्षानुवर्षे दांडा लांबत जातो. उन्हाळ्यात मंद लाटा वाळू वर ढकलतात आणि पुळण रुंद होते. पावसाळ्यात उंच लाटा तीच वाळू ओढून नेतात.

"मार्चात दिसते ते जमीन नसते," रव्यावरून बोट फिरवत ते म्हणाले. "समुद्रानं ठेवायला दिलेली चीज असते."

तुकडीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होई आणि पावसाआधी संपे. सारी माणसे विदर्भ-छत्तीसगडची. पावसाळ्यातला किनारा कोणीच पाहिलेला नव्हता. मार्चमधली किनाऱ्याची रेषा नकाशावर पक्क्या शाईने उमटली आणि तिच्या भरवशावर चार वर्षांनी त्या दांड्यावर बारा कुटुंबे वसवली गेली. त्यांत एक राधाचे होते. मोजणीच्या वेळी तुकडीचा स्वयंपाक तीच करत असे. १९८६च्या ऑगस्टमध्ये दांडा मधोमध तुटला. अकरा कुटुंबे वाचली. राधाचे वाचले नाही.

"तिनं मले सांगतलं होतं," नरहरी म्हणाले. "बाबू, आषाढात इथं पाणी बसते. मी वहीत लिहिलं. मोठ्या साहेबांनी कापलं. तेवढं सूचीत येऊ दे बेटा. मग मी पायरी पुसणं सोडतो."

वहीत असेल तेच सूचीत येईल, असे मी सांगितले.

"वहीतच पाहा न."

मोजणीवहीत खोडरबर वर्ज्य असतो. नोंद रद्द करायची तर तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे; आणि शेजारी कापणाऱ्याने आपली आद्याक्षरे व तारीख घालायची. त्यामुळेच नऊ मार्चच्या पानावरचे राधाचे वाक्य मला सहज वाचता आले. रेघेशेजारी होते: न. वै., ९ मार्च.

इतर पाच पानांवरच्या आद्याक्षरांशी मी ती ताडून पाहिली. साहेबांचे वळण वेगळे, शाईही वेगळी. शंकेला जागा उरली नाही. ती उरावी अशी माझी इच्छा होती, हेही प्रामाणिकपणे नमूद करते.

छायाप्रत घेऊन मी पुन्हा तात्यापाऱ्यात गेले. नरहरींनी ती भिंगाखाली बराच वेळ धरली.

"काहून कापलं असन मी?"

"कारण दिलेले नाही," मी म्हणाले.

"हसलो होतो आम्ही. जेवता जेवता. स्वयंपाकीण आता सर्व्हे शिकवून राहिली म्हणून." भिंग बाजूला ठेवून ते म्हणाले, "मीच सगळ्यात जास्त हसलो."

सोनिया चहा घेऊन दारातच उभी राहिली. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"लिही बेटा. तिचं वाक्य लिही. अन् कापलं कोणी, तेही लिही."

मी तिथेच नोंद लिहिली. त्यांनी ती वाचली आणि खाली आद्याक्षरे घातली, तारखेसह. वळण तेच होते.

निघताना पाहिले, पोछा खिळ्याला टांगलेला होता.

"आता पुसत नाही," ते आतून म्हणाले. "येऊ दे पाणी."

मी वाकून पायरीला हात लावला. कोरडी होती. तरीही तिच्यावर पाय न ठेवता मी थेट रस्त्यावर उतरले.