नवरदेवाचं जाकीट

त्याची गाडी चारशे डॉलरची होती आणि अंगावरचं जाकीट-पँट सहाशेचं. गाडीचं उजवं दार वळणावर उघडायचं, म्हणून ते आतून दोरीनं बांधलेलं असे. जाकिटाची चेन मात्र अशी, की ओढली म्हणजे पाण्याचा थेंब आत जाणार नाही, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. मिनेसोटाच्या पार उत्तरेला, नोव्हेंबरात पडलेला बर्फ एप्रिलपर्यंत जात नाही अशा एका गावातल्या कागद कारखान्यात आम्ही दोघंच मराठी होतो. सत्त्याण्णव सालची गोष्ट. कारखान्याचे जुने कॉम्प्युटर प्रोग्रॅम दोन हजार सालासाठी दुरुस्त करायचं काम होतं. मी पुण्याचा, तो नागपूरचा. पहिल्या आठवड्यापासून मला त्याचा हेवा वाटायचा. आता इतक्या वर्षांनी हे लपवण्यात काही अर्थ नाही.

नवरदेव हे नाव मीच ठेवलं. ऑफिसातून निघायला त्याला वीस मिनिटं लागत. आधी अंगालगतचा पातळ इनर सारखा करायचा, मग छातीपर्यंत येणारी पट्ट्यांची पँट, मग बूट, मग बुटावरून पँटीचं आतलं इलॅस्टिक, मग जाकीट, मग कमरेची आतली झालर बंद करायची, शेवटी हातमोजे. तोवर मी चाळीस डॉलरच्या सेलमधल्या कोटात दाराशी घामाघूम. एकदा वैतागून म्हणालो, चला नवरदेव, वरात खोळंबलीय. मला वाटलं, चिडेल. तो खुशीत हसला.

"आमच्या आज्याला लग्नात गावानं घोड्यावर बसू नव्हतं दिलं," तो म्हणाला. "मी बसून राहिलो ना आता. माझी घोडी पेट्रोलवर चालते."

दुसऱ्या दिवसापासून तो आमच्याकडे फोन केला, की "वहिनी, नवरदेव बोलतो" असंच म्हणायला लागला. टोमणा मी मारायचा आणि मिरवायचं यानं, हे त्याचं नेहमीचं होतं.

ती पेट्रोलवरची घोडी म्हणजे स्नोमोबिल. पुढे दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा, बर्फावर मोटरसायकलसारखी पळते. आमच्या अपार्टमेंटच्या मागे अर्नी नावाचा कारखान्यातून रिटायर झालेला म्हातारा राहायचा, त्याच्याकडे तीन होत्या. एक त्याची, एक वारलेल्या बायकोची, एक कॅलिफोर्नियाला गेलेल्या मुलाची. दर शनिवारी सकाळी तो स्वतःच्या मशीनवर आणि नवरदेव बायकोच्या मशीनवर, असे दोघं तळ्यापलीकडच्या जंगलात जात. तिसरं मशीन ताडपत्रीखाली नुसतं पडून. आमच्या किचनच्या खिडकीतून हे सगळं दिसायचं. मी चहाचा कप घेऊन उभा राहायचो आणि चहा गार व्हायचा.

एक दिवस मनाचा हिय्या करून मी अर्नीला विचारलं, मलाही न्याल का. त्यानं माझ्या कोटाची बाही दोन बोटांत धरून चुरगळून पाहिली आणि मान हलवली. म्हणाला, मी कॉटनवाल्यांना नेत नाही, ते ओले होतात आणि मग मला त्यांच्या बायकांना जाऊन सांगावं लागतं. मी हसलो. तो हसला नाही.

माधवी, म्हणजे माझी बायको, हिला नवरदेवाचं भारी कौतुक. त्याला जेवायला बोलावलं की तो नागपुरी तिखट सावजी मसाला घेऊन यायचा आणि स्वतः ओट्याशी उभा राहायचा. एकदा जेवणं झाल्यावर जाकिटाचा विषय निघाला. मी मुद्दाम विचारलं, बाबा रे, सहाशे डॉलर वसूल तरी होतात का? तो उठला, जाकीट चढवलं आणि पेलाभर पाणी बाहीवर ओतलं. पाणी थेंबाथेंबानं घरंगळलं आणि सगळं माझ्या कार्पेटवर. बाही कोरडी. शिवणीवरसुद्धा आतून पट्टी चिकटवलेली असते, पाणी आत येत नाही पण घाम बाहेर जातो, वगैरे त्यानं सविस्तर समजावलं. माधवी बाहीला हात लावून बघत होती, मी फडकं घेऊन कार्पेट पुसत होतो.

मग तो खुर्चीत बसला आणि माधवीलाच म्हणाला, "माझे बाबा नागपुरात रस्त्याच्या कामावर होते, वहिनी. पावसात गोणपाट डोक्यावर घेऊन जायचे. संध्याकाळी घरी आले, की ते गोणपाट दारात टांगलेलं, टपटप गळत. माणूस ओला राहिला की कसा होतो, मी पाह्यलं आहे. मला पहिल्या पगारात कोरडं राहायचं होतं."

माधवीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही आलं. मला वाटलं, झालं, आता हाही डाव यानंच जिंकला. इतका मी जळत होतो.

या जळण्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती कबूल करायला मला पुष्कळ वर्षं लागली. आमच्या घरात कोणी तसं तोंडानं म्हणत नसे, पण काही लोकांनी आपल्याकडून शिकायचं असतं, हे लहानपणीच अंगात मुरलं होतं. इंग्रजी, टापटीप, काटकसर, सगळंच. हा गडी माझ्याकडून काहीच शिकायला तयार नव्हता. उलट कपड्यांचे थर कसे घालायचे, मोजे दोन नको एकच जाड कसा घालायचा, हे मलाच शिकवायचा. आणि वर तो बरोबर असायचा.

मी स्वस्तातला उपाय करून पाहिला. कचऱ्याची काळी मोठी पिशवी घेतली, तिला डोक्याची आणि हातांची भोकं पाडली आणि कोटाच्या आत घातली. पाणी आत येणार नाही, खर्च शून्य. ऑफिसला चालत गेलो. पाणी आत आलं नाही, पण घाम बाहेर जाईना. सकाळच्या मीटिंगला मी आतून निथळत बसलो होतो आणि जरा हललो की खसखस आवाज. नवरदेवानं माझ्याकडे पाहिलं आणि खोकला आला असं दाखवून बाहेर गेला. बाहेरून त्याचं हसणं ऐकू येत होतं.

शेवटी जानेवारीत मी ड्युलुथ शहरात जाऊन तसलाच जाकीट-पँटचा सूट घेतला. म्हणजे घेतला आणि नाहीही. आपल्या लोकांत तेव्हा एक विद्या जोरात होती. भारतातून आईवडील आले, की दुकानातून व्हिडिओ कॅमेरा आणायचा, नायगारा दाखवायचा, ते विमानात बसले की खोक्यासकट कॅमेरा परत. तीस दिवसांत दुकानवाले काही विचारत नसत. फक्त लेबल काढायचं नाही आणि वस्तू मळवायची नाही. माधवीच्या आईबाबांच्या वेळी आम्हीही हे केलं होतं. माझा हिशेब सोपा होता. तीन-चार शनिवार मशीनवर बसायचं, फोटो काढायचे, सूट परत. माधवीला हे सांगितलं नाही. ती इतकी खूश झाली होती, की सांगवलं नाही.

लेबल जाड पुठ्ठ्याचं होतं, चेनच्या टोकाला प्लॅस्टिकच्या दोऱ्यानं अडकवलेलं. ते मी गळ्यातून आत सारलं. त्यामुळे चेन वरपर्यंत लागत नव्हती आणि गार वारा मानेतून थेट छातीत शिरायचा. पण अर्नीनं बाही चुरगळून पाहिली आणि मान डोलावली. ताडपत्री निघाली. माधवी खिडकीत उभी राहून हात हलवत होती. खरं सांगतो, त्या सकाळी मला नवरदेवाचा अजिबात हेवा वाटला नाही.

अर्नी पुढे, मध्ये नवरदेव, शेवटी मी. तळं ओलांडून पलीकडच्या काठाजवळ आलो. तिथे एक ओढा तळ्याला मिळतो. अशा जागी बर्फाच्या जाड थरावर, वरच्या भुसभुशीत बर्फाखाली, पाणी साचलेलं असतं. वरून काही कळत नाही. अर्नी भरधाव निघून गेला. नवरदेवानं वेग कमी केला आणि मशीन मागच्या बाजूनं खाली बसलं. तपकिरी, चिखलाचं पाणी. तो गुडघ्यापर्यंत त्यात उतरला. मी दहा पावलं मागे, टणक बर्फावर थांबलो.

"पुणेकर, मागून उचल," तो ओरडला. "मी पुढून ओढतो. लवकर, गोठून बसेल."

मागून उचलणारा पट्ट्याच्या समोर येतो. इंजिन चालू केलं की चिखल, तेल, सगळं त्याच्या अंगावर. मी तिथे उभा होतो आणि माझ्या डोक्यात फक्त दुकानाचं काउंटर होतं. मी म्हणालो, थांब, अर्नी येतोच आहे. अर्नी कुठेही दिसत नव्हता. नवरदेवानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग एकटाच मागे गेला आणि उचलायला लागला. दोनदा उचललं, दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा तो घसरला आणि कमरेपर्यंत पाण्यात बसला, हातमोज्यांत पाणी गेलं. मी तेव्हाही हललो नाही. दहा मिनिटं तरी गेली असतील. मग अर्नी वळून आला, मशीन चालूच ठेवून खाली उडी मारली, त्या दोघांनी मिळून काढलं. उणे वीस तापमान होतं. नवरदेवाच्या दोन बोटांची टोकं पांढरी पडली होती, पण बाकी अंग कोरडं. माझ्या सेलमधल्या कोटात तो असता तर अर्नीला त्या दिवशी कोणाच्या तरी घरी निरोप घेऊन जावं लागलं असतं.

अर्नीच्या शेडमध्ये आम्ही हेल्मेट काढली. अर्नी शेगडी पेटवायला पाठमोरा वळला. माझ्या हेल्मेटबरोबर ते लेबल बाहेर आलं आणि छातीवर लोंबायला लागलं. मला कळलंच नाही. नवरदेव माझ्या समोर उभा होता. त्यानं त्या पांढऱ्या बोटांनी, जमत नव्हतं तरी, ते लेबल माझ्या गळ्यातून आत सारलं.

"आत घे," तो हळूच म्हणाला. "दिसून राहिलं."

त्याला स्टिअरिंग धरवत नव्हतं, म्हणून औषधं आणायला त्याची गाडी मी चालवली. तो दोरीनं बांधलेल्या दाराला टेकून बसला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाला की सूट परत करायचा तर करून टाक, त्यात काही नाही, पैसा कोणाच्या झाडाला लागत नाही. मग म्हणाला, "पण पुढच्या शनिवारी येऊ नको. पाण्यात उतरायचं की नाही याचा विचार करणारा माणूस मागे असला, की मला पुढे जाता येत नाही."

रविवारी मी सूट परत केला. काउंटरवरच्या मुलीनं उलटसुलट करून पाहिला, एक डाग नव्हता. पूर्ण पैसे मिळाले.

सोमवारी नवरदेव ऑफिसात नेहमीसारखाच वागला. आता शनिवार आला की अर्नीला काय सांगायचं, माधवीला काय सांगायचं, या विचारानं माझी झोप उडाली होती. शनिवारी सकाळी दार वाजलं. अर्नी रबरी गरम पाण्याची पिशवी घेऊन उभा. म्हणाला, तुझ्या पाठीचं कळलं, मित्रानं सांगितलं, या सीझनला तू बसूच नकोस. माधवी माझ्याकडे बघायला लागली. मी पाठीला हात लावला. तिनं तडक नवरदेवाला फोन लावला. त्याचा आवाज मला पलीकडून स्पष्ट ऐकू येत होता.

"लपवून राहिला असेल तुमच्यापासून, वहिनी. मी पाण्यात फसलो तेव्हा यानंच मशीन उचललं. तेव्हाच लचक भरली. नवा सूटही परत कर म्हटलं मीच, या पाठीनं काय बसणार आता."

ही दया होती की शिक्षा, ते मला अजून ठरवता येत नाही. एका खोट्यात त्यानं माझी सगळी भगदाडं बुजवली आणि मी जे केलं नव्हतं नेमकं तेच माझ्या नावावर लावलं. मला तर एक धड बहाणाही सुचला नव्हता. त्याचं खोटंसुद्धा माझ्या खऱ्यापेक्षा उमदं निघालं, आणि त्याचाही मला हेवा वाटला. तो सबंध हिवाळा मी बायकोसमोर वाकून चाललो. शनिवारी ते दोघं तळ्यावर निघाले की खिडकीशी उभं राहायचीही चोरी, कारण मी पडून राहायचं होतं.

एप्रिलमध्ये त्याला टेक्सासला नोकरी लागली. बर्फ नसलेल्या मुलुखातही तो ते जाकीट घेऊन गेला, म्हणाला, आहे ते आहे. निघताना माधवीच्या पाया पडल्यासारखं करून तिला हसवलं, माझा हात हातात घेतला. त्याच्या दोन बोटांच्या टोकांना तेव्हाही नवी, गुलाबी कातडी होती. मी खूप काही म्हणणार होतो. अर्नी शेजारी उभा होता, माधवी शेजारी उभी होती. मी म्हणालो, सांभाळून जा.

त्याला टेक्सासला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. नवीन वर्षाला फोन येतो, आधी वहिनीशी बोलतो, मग मला विचारतो, पुणेकर, पाठ काय म्हणते. मी म्हणतो, बरी आहे. घरी कोणी पाहुणे आले, की माधवी त्यांना सांगते, ह्यांनी एकदा मित्रासाठी गोठलेल्या पाण्यात उतरून मशीन उचललं होतं, तेव्हापासून पाठ अशीच. पाहुणे माझ्याकडे आदरानं बघतात. दर हिवाळ्यात पहिला बर्फ पडला, की ती आठवणीनं बामची बाटली काढते. मी निमूटपणे पालथा होतो आणि तोंड उशीत घालतो.