बीबीच्या बैठकीत दादा खोटं बोलला

मागच्या रविवारी भाच्यासाठी मुलगी पाहायला आम्ही बीबी गावाला गेलो होतो. तिथे माझ्या डोळ्यांसमोर जे घडलं, त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही... म्हणून लिहिते आहे.

भाचा म्हणजे निलेश. चिखलीजवळच्या उंद्रीला राहणाऱ्या माझ्या दादाचा एकुलता एक मुलगा. स्वतःचा रॉक बँड चालवतो, गाणी स्वतः लिहितो, स्वतः रेकॉर्ड करतो. कुठल्याही कंपनीचा हात त्याच्या डोक्यावर नाही.

हे सोपं गेलं नाही. कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा दादा त्याच्याशी बरेच दिवस बोलत नव्हता. पोराने मंडपवाल्याकडे राहून लग्नांत स्पीकरची खोकी उचलली. चिखलीतली कापसाची एक जिनिंग मिल पावसाळ्यात बंद असते, तिथल्या चौकीदाराला विनवून हा आणि याचे मित्र आत सराव करायचे. कापूस यायला लागला की गिटार, ड्रम उचलून बाहेर...

पुण्यात एका आयोजकाने सांगितलं, गाणं छान आहे, पण ते गावाकडचं 'मले-तुले' तेवढं काढून टाक. याने काढलं नाही. गावाकडे जाणाऱ्या शेवटच्या जीपवर त्याने केलेलं गाणं मग असं पसरलं की आता चिखलीहून सुटणाऱ्या जीपमध्येच ते वाजतं. बंगळुरू, दिल्लीहून बोलावणी येतात. त्या जिनिंगपासून जवळच त्याने स्वतःचा स्टुडिओ बांधला आहे.

फक्त लग्न जमत नव्हतं. दरवेळी दादा सांगायचा, पत्रिका जुळत नाही. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, पत्रिकेवर माझा काडीचा विश्वास नाही. यावरून आमचं कितीदा तरी वाजलं आहे.

तर बीबीला पोहे आले. मुलीच्या वडिलांनी, भगवानरावांनी, साधा प्रश्न विचारला, "पाव्हणे, पोरगा काय करते?"

दादा म्हणाला, "पाण्याच्या मोटारीची एजन्सी आहे त्याची. चिखलीले."

माझा चमचा हवेतच राहिला. निलेश बापाकडे बघतच बसला. वहिनी मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली... म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं!

"अरे वा," भगवानराव खुलले. "आमची तीन एचपीची आताच जळाली. भेटन का एखादी?"

"भेटन ना. उद्याच पाठवतो."

"अन् वॉरंटी?"

"आता घरच्या माणसाले काय वॉरंटी मागता हो!"

मी डोळ्यांनी दटावत होते, पण दादा माझ्याकडे पाहीचना. अजून थोडा वेळ गेला असता तर त्याने पाइपसुद्धा विकला असता.

शेवटी निलेशने प्लेट खाली ठेवली. "काका, मोटारी-बिटारी काही नाही. मी गाणे बनवतो अन् गातो. तेच काम आहे माझं."

मग भगवानराव अगदी शांतपणे म्हणाले, "मले माहीत आहे. चिखलीत चौकशी करूनच तुम्हाले बोलावलं. स्टुडिओ बी बाहेरून पाहून आलो. गाणारा जावई आमाले चालते. पण सोयरिकीच्या पहिल्याच दिवशी बाप असा लबाड बोलते, त्या घरात पोरगी कशी द्यायची, ते सांगा."

संपलं, असं मला वाटलं. दादाला तिथेच फैलावर घ्यायला मी तोंड उघडलं... आणि तेवढ्यात दादाच बोलला.

"पहिले खरंच सांगत होतो. सगळीकून एकच जबाब आला. वाजवून पोट भरणाऱ्याच्या घरी पोरगी देत नाही म्हणे. एका घरी तर त्यायच्याच जीपीत याचं गाणं लागेल होतं. आता हे पोराले कोण्या तोंडानं सांगू? म्हणून पत्रिकेचं नाव सांगत गेलो."

इतके दिवस मी ज्याला देवभोळा म्हणून सुनावत होते, तो माणूस ही सगळी उत्तरं एकटा गिळत होता. निलेशलाही यातलं काही माहीत नव्हतं. तो उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"म्हणून आमाले मोटार विकली?" भगवानराव म्हणाले. पण आवाज खाली आला होता.

मी म्हटलं, बापांचं पुरे झालं, आता मुलीला विचारा. मुलगी, प्रियंका, दाराशीच उभी होती; ती मेडिकल स्टोअर चालवते, बोलायला अजिबात कचरत नाही. निलेशकडे बघून म्हणाली, "मोटारवाला असता तर मी नाहीच म्हणणार होती. हे किती वेळ गप बसतात, तेच पाहून राह्यली होती मी. लय वेळ लावला त्यायनं."

हसावं की रडावं, कळेना. भगवानरावांनी मग एकच अट घातली. साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, माईकवर दोन्हीकडची ओळख करून देतात, त्यात निलेशची ओळख दुसऱ्या कोणी नाही, दादानेच करून द्यायची. सगळ्या सोयऱ्यांसमोर.

काल साक्षगंध झालं. पुढच्या रांगेत तेच नातेवाईक होते, ज्यांनी मागे स्थळं आणली होती आणि नकारही पोहोचवले होते. दादाने माईक दोन्ही हातांनी घट्ट धरला. "हा माझा पोरगा निलेश. गाणे लिहिते, गाते. त्याचा बँड आहे. दुसरं काही करत नाही, अन् करायची गरजबी नाही."

एवढ्या मोठ्या गर्दीपुढे गाणारा निलेश... त्याला मान वर करता येईना.

आपल्याला गाणं जीपमध्ये चालतं, मोबाइलमध्ये चालतं, गाणारा मात्र घरात नको असतो. हे शिकल्यासवरल्या घरांत चालतं, माझ्या ओळखीच्या घरांत, हे अजून पचत नाही. बीबीच्या त्या घराने सगळी चौकशी केली, सगळं कळलं, आणि तरीही आम्हाला पोहे खायला बोलावलं. त्यांचे मनापासून आभार.