सुजाताच्या नावाची फाइल

सुभेदार रघुनाथ देसायांची बायको म्हणजे धडधाकट बाई, असा चंडीमंदिर छावणीच्या क्वार्टर्समध्ये तिचा लौकिक होता. माहेर-सासर दोन्ही गडहिंग्लजकडचं. अठरा वर्षांच्या संसारात सात बदल्या झाल्या, दर वेळी त्याच काळ्या ट्रंका भरल्या नि सोडल्या, पण डोकं दुखतंय म्हणून सुजाता कधी शेजारी बाम मागायला गेली नाही. अशा बाईनं गेल्या सप्टेंबरात शहरात, सेक्टर बावीसमध्ये, सूटच्या कापडांच्या दुकानावरच्या माडीवर, मनाच्या डॉक्टरकडे आपलं नाव घातलं. का घातलं ते सांगायचं तर आधी तिच्या नवऱ्याच्या उजव्या हाताबद्दल सांगावं लागेल.

रघुनाथची मागची पोस्टिंग वर डोंगरात होती. एका वळणावर रस्ता निम्मा खचला होता. ड्रायव्हरशेजारून हा खाली उतरला, गाडीसमोर उभा राहिला आणि उजव्या हातानं इशारा करू लागला, येऊ दे, येऊ दे. गाडी आली, आणि उरलेल्या रस्त्यासकट नदीत गेली. आत पलटणीतली पाच पोरं होती. रीतसर चौकशी झाली, रघुनाथचा काही दोष नाही असं निघालं. कागदावर दोष नाही म्हटल्यानं माणूस सुटत असता तर आणखी काय हवं होतं. चंडीमंदिरला आल्यावर त्याचा तो हात दिवसातून दोन-तीनदा मनगटापासून मेल्यागत व्हायला लागला. घास ताटातच पडायचा. छाती धडधडायची, दरदरून घाम सुटायचा, खाल्लेलं पोटात ठरायचं नाही. भरदुपारी बाहेर कुणी गाडी मागे घेताना "आने दो, आने दो" म्हणालं की हा बाथरूममध्ये जाऊन आतून कडी घालायचा आणि अर्धा-अर्धा तास बाहेर यायचा नाही.

"अहो, एकदा दाखवून तरी या की," सुजाता म्हणाली.

"दाखवलं की कॅटेगरी गेली."

कॅटेगरी म्हणजे फौजेतला तब्येतीचा दर्जा. तो उतरला की बढती अडते, अशी धास्ती बराकीपासून क्वार्टरपर्यंत सगळ्यांना असते. रघुनाथला सुभेदार मेजर व्हायचं होतं. बावीस वर्षं त्यासाठीच घासली होती, आणि एप्रिलमध्ये मेडिकल होतं.

"तू जा," तो म्हणाला. "तुझ्या नावानं आण औषध. तुला कुठं बढती घ्यायचीय?"

आता यावर एखादीनं लाटणं हाणलं असतं. सुजातानं पदर खोचला आणि त्याची सगळी लक्षणं वहीच्या कागदावर हिंदीत उतरवून काढली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिला वाटलं. त्या वेळी मलाही तसंच वाटलं असतं.

बसमध्ये तिनं कागद पाठ केला. डॉक्टरीणबाई वयस्कर सरदारीण होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. सुजातानं शाळेतल्या कवितेसारखं घडाघडा म्हणून दाखवलं. नींद नहीं, धडकन, पसीना, दाहिना हाथ सुन्न. बाईंनी आपली दोन बोटं तिच्या हातात देऊन दाबायला सांगितली. मग दंडाला पट्टा बांधून बीपी घेतलं आणि पुन्हा घेतलं.

"हाथ तो ठीक है जी," त्या म्हणाल्या. "बाकी कुछ ठीक नहीं. एक सौ सत्तर. कब से चल रहा है ये?"

सुजाता गोंधळली. हे तिच्या कागदात नव्हतं.

गोळ्या मिळाल्या. दोन त्याच्या, एक बीपीची तिची. दर महिन्याला ती माडी चढायची, गेल्या महिन्यात नवऱ्याला काय काय झालं ते आपलं म्हणून सांगायची आणि बाई ते लिहून घ्यायच्या. फाइल जाड होत गेली. तिचे केस मुठीनं गळायला लागले, जबडा सकाळी उघडेना, कारण रात्रभर ती दात आवळून पडायची. भांडी घासताना, फोनवर बोलताना तिचा एक कान कायम बाथरूमच्या कडीकडे. अकरावीतली अक्षरा विचारायची, "मम्मा, पापा को हुआ क्या है?"

"ॲसिडिटी."

"आप दोनों ना, पक्का झूठ बोलते हो."

पोरीला मराठी सगळं समजायचं, ही त्यातली मोठी अडचण होती.

गोळ्यांनी हात थोडा निवळला. एप्रिलच्या मेडिकलला रघुनाथ ताठ उभा राहिला, झोप छान येते म्हणाला, भूक उत्तम म्हणाला. फिट ठरला. सुजातानं शेजारी पेढे वाटले. बायका म्हणाल्या, "आपके साहब तो जवान हो गये जी." ती हसली. बऱ्याच महिन्यांनी ती पोटभर जेवली.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात बदलीचा हुकूम आला. जागा वरची, तोच डोंगर. रोज रसद घेऊन जाणाऱ्या गाड्या पोचवायच्या, त्याच रस्त्यानं. अनुभवी आणि फिट माणूस हवा होता, आणि हा दोन्ही होता.

रघुनाथनं हुकूम वाचला, घडी केली आणि खिशात घालायला गेला, पण हाताला खिसा सापडेना.

"आता तरी खरं सांगा," सुजाता म्हणाली.

"काय सांगू? महिन्यापूर्वी सही करून सांगितलंय, काय बी होत नाही. आता बदली आल्यावर आजारी पडलो म्हटलं तर भित्रा म्हणतील. त्या पोरांच्या घरचे काय म्हणतील?" मग तो म्हणाला, "आणि कागद कुठाय माझा?"

कागद होता. आठ महिन्यांचा, तारीखवार, एकेक घाम आणि एकेक उलटी लिहिलेला. त्यावर नाव सुजाताचं होतं.

ती धावत सेक्टर बावीसला गेली. सगळं खरं सांगून टाकलं, गाडी, नदी, पाच पोरं, कडी. फाइलवरचं नाव तेवढं बदलून द्या म्हणाली. बाई चिडल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी फाइल मिटली.

"नाम नहीं बदल सकती, बेटा. उन्हें ले आओ, आज ही नयी फाइल बनाऊंगी. और ये बीपी? ये नींद? ये तो तुम्हारे ही हैं ना?"

सुजाता तिथंच रडली, चारचौघांदेखत. घरी येऊन तिनं, बाईंना खरं सांगितल्याचं न बोलता, रघुनाथला सांगितलं, एकदा चला, मी बरोबर येते. तो नाही म्हणाला. तिला त्याची कीव आली आणि त्याच वेळी इतका राग आला, की दोन्ही एकदम कसं वाटू शकतं हे तिला कळेना. हुद्द्यापायी तिनंही त्याला झाकलं होतं. आता उघडं करायचं तर त्यालाच करायचं होतं, आणि तो करणार नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं त्याची ट्रंक भरली. लोकरी मोजे, सदरे, चिवड्याचा डबा. गोळ्यांची पाकिटं सदऱ्यांच्या घडीत ठेवली. रघुनाथ दारात उभा राहून बघत होता.

"किती महिन्यांच्या घातल्यास?"

"एकाच. पेशंटला बघितल्याशिवाय बाई पुढच्या देत नाहीत."

त्यानं मान हलवली. "मग दर महिन्याला जात जा," तो म्हणाला. "काय सांगायचं ते मी फोनवर सांगत जाईन."